वेलायुधन कंडक्टर आणि संदर्भ उपसमिती

सुसंस्कृत समाज विनोदावरून ओळखला जातो, विनोद संदर्भावरून ओळखला जातो, आणि संदर्भ कोणता हे ठरवायला समिती लागते. यातली पहिली दोन विधाने सगळ्या जगाला मान्य आहेत. तिसरे मान्य करून त्याची अंमलबजावणीही करून दाखवण्याचा मान केरळातल्या पेरुंकडवु या गावाकडे जातो.

तिथल्या ग्रामीण वाचनालय व कलासमितीला चौसष्ट वर्षे झाली. वाचनालयात सहा हजार पुस्तके, दोन कॅरम बोर्ड आणि एक स्टेज आहे. (पुस्तकांना फारसा हात लागत नसल्याने ती सुस्थितीत आहेत.) दोन वर्षांपूर्वी ओणमच्या कार्यक्रमात गावचे सुपुत्र, नकलाकार सुगुणन यांनी एका काळ्या नवरीचा विनोद सांगितला. लग्नाच्या फोटोत तिचे फक्त दागिने आले, असा काहीसा तो होता. सहाशे माणसे हसली. सहाशे एकावी, सुटीवर आलेली एक नर्स, उठून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिने तक्रार दिली. तोंडी असती तर कुणी मनावर घेतली नसती, पण ती लेखी होती, आणि लेखी कागदाला वाचनालयात पुस्तकांपेक्षा जास्त मान आहे.

बैठक बसली. अध्यक्ष भार्गवन मास्टर, निवृत्त मुख्याध्यापक, वय बहात्तर, केस संपूर्ण काळे, यांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवले.

"विनोद कधीच वाईट नसतो," ते म्हणाले. "संदर्भ सोडून ऐकला की वाईट लागतो. ती मुलगी उशिरा आली. सुगुणनचं स्वागत आणि हार घालणं तिने बघितलंच नाही. मग तिला कसं कळणार की तो चेष्टा करतोय?"

अशा रीतीने 'विनोद संदर्भ तपासणी उपसमिती' स्थापन झाली. तिच्या नियमावलीतली संदर्भाची व्याख्या अभ्यासूंनी उतरवून घेण्यासारखी आहे: 'विनोद करणाऱ्याचा हेतू निर्मळ होता असे विनोद करणारा स्वतः ज्या परिस्थितीत सांगतो, ती परिस्थिती म्हणजे संदर्भ.' इतकी बिनतोड व्याख्या कायद्याच्या ग्रंथांतही सापडायची नाही. तिच्या जाळ्यातून एकही विनोद बाहेर राहू शकला नाही.

उपसमितीने चौदा बैठकांत दोनशे बारा विनोद तपासले. काळ्या नवरीचे एकसष्ट, जाड बायकोचे अठ्ठेचाळीस, आंधळे, बहिरे, लंगडे व तोतरे मिळून सदतीस. परप्रांतीय मजुरांवरचे एकोणतीस होते; त्यांवर एकही मजूर हरकत घ्यायला आला नाही. (बैठकीची सूचना मल्याळममध्ये फळ्यावर लावलेली होती.) उरलेले सासू, शेजारीण आणि इतर. यांतल्या दोनशे अकरा विनोदांना संदर्भ आढळला. एकाच विनोदाला, सर्व बाजूंनी शोध घेऊनही, तो आढळला नाही. तो अध्यक्षांच्या केसांच्या रंगावर होता. केस ही माणसाची खासगी बाब आहे, रंगही ज्याचा त्याचा असतो, आणि अशा गोष्टींवर हसणे सुसंस्कृतपणात बसत नाही, असा ठराव एकमताने झाला.

उपसमिती पाच जणांची. अध्यक्ष मास्टर, चिटणीस शिबू, आणि खजिनदार. चौथी जागा स्त्री-प्रतिनिधीची. विनोद समजणारी स्त्री न मिळाल्याने ती रिकामी होती. पाचवी जागा मात्र अशी होती की तिच्यासाठी पेरुंकडवुचे कौतुक करावे तितके थोडे. ती होती 'ज्यांच्यावर हसले जाते त्यांचा प्रतिनिधी' ही. त्या जागेवर वेलायुधन होते.

वेलायुधन एकतीस वर्षे सरकारी बसवर कंडक्टर होते आणि त्यांची जीभ अडखळत असे. सुगुणन यांनी आयुष्यात पुष्कळ नकला केल्या, पण नाव झाले ते 'वेलायुधन कंडक्टर' या सात मिनिटांच्या नकलेने. कंडक्टर थांब्याचे नाव घ्यायला सुरुवात करतो, ते नाव पुरे होईपर्यंत तीन थांबे मागे पडतात आणि गरोदर म्हणून चढलेली बाई बाळ कडेवर घेऊन उतरते. ही नक्कल पेरुंकडवुत पहिल्यांदा झाली, मग जिल्ह्यात, मग टीव्हीवर, मग दुबई, दोहा आणि मस्कतला. ज्यांनी वेलायुधनना कधी पाहिले नव्हते तेही त्यांच्यासारखे बोलू लागले. खुद्द त्यांच्या बसमध्ये तर थांबे प्रवासीच पुकारत, त्यांच्याच आवाजात, आणि ते नुसती घंटी मारत. म्हणजे कामाचा भारही हलका झाला होता.

उपसमितीच्या चौदाही बैठकांना ते हजर होते. इतिवृत्तात दर वेळी एकच वाक्य आहे: 'श्री. वेलायुधन यांनी मत मांडण्यासाठी हात वर केला. वेळ वाचावा म्हणून त्यांचे मत अध्यक्षांनीच मांडले.'

फेब्रुवारीत एका सकाळी वेलायुधन झोपेतून उठले नाहीत. दोन तासांत नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर त्यांचे नाव होते आणि वाचनालयाचे नाव त्याहून दोन बोटे मोठे होते.

त्यांची मुलगी वल्सला कोळिक्कोडहून आली. ती तिथल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते. आई पूर्वीच गेली होती, भाऊ बैजू मस्कतला. अंत्यसंस्कार करून तो तिसऱ्या दिवशी परतला, मालक रजा देईना. मागचे सगळे वल्सलेवर आले. घर झाडणे, पेन्शनचे कागद, अच्छनचे चष्मे. अच्छन म्हणजे वडील. चष्मे चार निघाले, त्यांतले तीन मोडके, सगळे जपून ठेवलेले.

नवव्या दिवशी भार्गवन मास्टर आणि शिबू आले. वल्सलेने काळा चहा आणि केळ्याचे काप ठेवले.

"मोळे," मास्टर म्हणाले. मोळे म्हणजे बाळ; गावातल्या पन्नाशीपर्यंतच्या सगळ्या बायकांना ते बाळ म्हणतात, त्यापुढच्यांना काहीच म्हणत नाहीत. "वेलायुधन हा माझा माणूस होता. एक्केचाळिसाव्या दिवशी शोकसभा घेतोय. अकरा वक्ते. आमदारांनी येतो म्हटलंय."

"बरं," वल्सला म्हणाली.

"आणि शेवटी सुगुणन. तो स्वतः येतोय, बिनमानधन. ती नक्कल करणार. आदरांजली म्हणून."

वल्सलेने कपबशी खाली ठेवली. "कुठली नक्कल?"

"आता कुठली म्हणजे काय चेची," शिबू म्हणाला. चेची म्हणजे ताई. "तीच. लोक त्याच्यासाठीच येणार ना. अकरा भाषणं ऐकायला कोण बसतंय?"

"शोकसभेत अच्छनची नक्कल?"

"संदर्भ बघ ना मोळे," मास्टर म्हणाले. "एरवी केली असती तर टिंगल झाली असती. शोकसभेत केली की श्रद्धांजली होते. उलट इतका शुद्ध संदर्भ त्या नकलेला आजवर मिळालेला नाही."

शिबूने पिशवीतून छापील कागद काढला. नमुना 'ब', मृत व्यक्तीवरील विनोदासाठी वारसाचे ना हरकत पत्र. हा नमुना आधीच छापून ठेवलेला होता. उपसमिती दूरदृष्टीची होती. त्यात मृताचे नाव, मृताचे व्यंग (एकाहून अधिक असल्यास स्वतंत्र कागद जोडावा), मृताला विनोद मान्य असल्याचा पुरावा आणि वारसाची सही, असे रकाने होते. पुराव्याच्या रकान्यात शिबूने स्वच्छ अक्षरात भरले होते: 'छायाचित्र, १९९८.'

"जुन्या गोष्टी सांगायच्या तर आपल्या देवळात सोंग घेऊन कथा सांगणारा चाक्यार घे," मास्टर पुढे म्हणाले. "कूत्तु म्हणजे तो खेळ करताना समोरच्याला काय वाट्टेल ते बोलायचा. राजा समोर बसलेला असायचा, त्यालाही सोडायचा नाही. आणि राजा उलटून बोलायचा नाही. ही आपली परंपरा. आजची पोरं म्हणतात, भावना दुखावल्या."

"चाक्यार राजाला बोलायचा मास्टर," वल्सला म्हणाली. "कंडक्टरला नाही."

मास्टरांनी चहा संपवला. "राजे राहिले कुठे आता? जे हाताशी आहेत त्यांच्यावरच भागवावं लागतं."

वल्सलेने सही केली नाही. विचार करून सांगते म्हणाली. जाता जाता शिबू म्हणाला, "चेची, अच्छन स्वतः पहिल्या रांगेत बसून हसायचे. तुम्ही आता त्यांच्यापेक्षा जास्त दुखावून घेताय." हे खरे होते. ते पहिल्या रांगेत बसत आणि हसत.

त्या संध्याकाळी बैजूचा फोन आला. त्यालाही वाचनालयाने कळवले होते.

"कर ना सही," तो म्हणाला. "मागच्या वर्षी सुगुणन चेट्टन इथे आले होते." चेट्टन म्हणजे दादा. "मला स्टेजवर बोलावलं त्यांनी. म्हणाले, हा माझ्या कंडक्टरचा मुलगा. चौदाशे माणसं उभी राहिली गं."

"आणि मग?"

"मग काय, नक्कल केली. मी बाजूलाच उभा होतो."

"तू काय केलंस?"

"हसलो," बैजू म्हणाला. "चौदाशे माणसांसमोर दुसरं काय करतात?"

दुसऱ्या दिवशी सुगुणन एकटेच आले. पन्नाशीचा, नीटनेटका, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. नेंद्रन केळ्यांचा घड घेऊन आले आणि तो कुठे ठेवावा हे न कळून बराच वेळ हातातच धरून बसले. वल्सलेला त्यांचा राग यायला हवा होता. पण समोर बसून जो माणूस केळी सांभाळतो आहे त्याच्यावर रागावणे कठीण असते.

"शाळेत मी त्यांच्याच बसने जायचो," सुगुणन म्हणाले. "एकदा धावत येताना पडलो. त्यांनी बस थांबवली, माझा गुडघा पुसला. ड्रायव्हर ओरडत होता. मी प्रेमाने केली नक्कल, वल्सला. द्वेषाने माणूस सत्तावीस वर्षं एकाच माणसाची नक्कल करू शकत नाही."

"त्यांना कधी विचारलंत, सुगुणन चेट्टा? चालेल का म्हणून?"

"विचारलं ना. एकदा विचारलं. इथेच, ओणमला, स्टेजच्या मागे."

"काय म्हणाले?"

सुगुणन यांनी केळी खाली ठेवली. "सांगायला लागले होते," ते म्हणाले. "तेवढ्यात माझं नाव पुकारलं."

पुढे कधी उरलेले उत्तर ऐकायला मिळाले का, असे तिने विचारले नाही. अशा माणसाला दोनदा विचारणे वाईट दिसते. सुगुणन गेल्यावर केळी तिने शेजारी देऊन टाकली. तीन दिवसांत काळी पडली असती.

मग ती वाचनालयात गेली आणि तिने पुरावा पाहायला मागितला. शिबूने भिंतीवरची फ्रेम काढून दिली. १९९८, ओणम, नकलेचा पहिलाच प्रयोग. पहिल्या रांगेत वेलायुधन हसताहेत. त्यांच्या शेजारी नऊ वर्षांची वल्सला आहे, तोंड उघडे, डोळे मिटलेले, हसून हसून पोट धरलेले. ते तिला आठवत होते. स्टेजवरचा माणूस अगदी अच्छनसारखा बोलतो आहे याचा तिला केवढा आनंद झाला होता. आपला बाप प्रसिद्ध झाला, एवढेच तेव्हा कळले होते.

तिने फ्रेम खिडकीजवळ नेली. फोटोतले सगळे लोक स्टेजकडे पाहात होते. वेलायुधन स्टेजकडे पाहात नव्हते. ते तिच्याकडे पाहात होते.

"बघितलंत?" शिबू म्हणाला. "किती मनापासून हसताहेत."

घरी येऊन तिने पेन्शनची फाइल पुन्हा काढली. एका पाकिटात बदलीच्या अर्जांच्या कार्बन प्रती होत्या, तीन. पहिल्यावर १९९८च्या ओणमनंतरच्या सोमवारची तारीख होती, दुसरी २००१ची, तिसरी २००४ची. 'सविनय विनंती की माझी बदली उत्तर केरळातील कुठल्याही डेपोत करावी. कारण: वैयक्तिक.' तिन्हींचा मजकूर एकच होता, अक्षर एकच. लिहिताना वेलायुधन कुठेच अडखळत नसत. सोबत डेपोचे एका ओळीचे उत्तर होते: वैयक्तिक म्हणजे काय, ते प्रत्यक्ष येऊन तोंडी स्पष्ट करावे. ते गेले नसावेत. डेपोतले कारकूनही पेरुंकडवुचेच होते.

ती रात्रभर जागी वगैरे राहिली नाही. जेवली, झोपली आणि सकाळी टेबलाशी बसून तिने हरकतीचे पत्र लिहिले. एका पानाचे. त्यात विशेषणे नव्हती. सोबत अर्जांच्या तीन झेरॉक्स जोडल्या, वाचनालयात नेऊन दिल्या आणि पोच घेतली.

उपसमितीने हे पत्र ज्या गांभीर्याने हाताळले त्याला तोड नाही. इतर कुठल्याही गावाने ते फायलीला लावले असते. पेरुंकडवुत त्यासाठी खास पंधरावी बैठक झाली. तिचे निष्कर्ष असे:

एक. हरकत दुःखाच्या भरात घेतलेली आहे. म्हणजे तिला संदर्भ आहे.

दोन. जिला संदर्भ आहे ती गोष्ट कुणी मनाला लावून घेऊ नये, हे उपसमितीचे मूळ धोरण आहे. सबब ही हरकत उपसमिती मनाला लावून घेत नाही.

तीन. अर्जांत 'वैयक्तिक' असे कारण दिले आहे. नक्कल सहाशे लोकांसमोर झाली होती, म्हणजे ती सार्वजनिक होती. सार्वजनिक गोष्ट वैयक्तिक कारण होऊ शकत नाही. सबब अर्जांचा नकलेशी संबंध नाही.

चार. दिवंगत प्रतिनिधीची जागा वारसाहक्काने वल्सला यांना देऊ करावी. स्त्री-प्रतिनिधीचीही सोय त्यातच होईल.

निर्णय सांगायला शिबू घरी आला. "मास्टर म्हणाले, एवढं शुद्ध मल्याळम हल्ली कुणी लिहीत नाही," तो म्हणाला. "पत्र सगळ्यांना आवडलं, चेची."

"म्हणजे नक्कल होणार."

"नक्कल तर होणारच. फ्लेक्स छापून झालाय. पण तुमचं भाषणही आहे त्याच्या आधी. कुटुंबाचे आभार. दोन मिनिटं. काय मनात असेल ते बोला, कोण अडवणार?"

वल्सलेने यावर बराच विचार केला. गावातले सहाशे लोक, सुगुणन आणि अकरा वक्ते एका छपराखाली पुन्हा येणार नव्हते. अच्छनना जे तीनदा सांगायचे होते ते त्यांच्याच शब्दांत एकदा सगळ्यांनी ऐकले, तर त्यानंतर नक्कल करायला कुणाचा धीर होणार नाही, असे तिला वाटले. ती बरीच वाचलेली बाई होती. शब्द ऐकले की ते लोकांना कळतात, असा वाचणाऱ्या लोकांचा एक समज असतो.

सभा संध्याकाळी पाचला सुरू झाली. स्वागत झाले, फोटोला हार झाला, दोन मिनिटांची शांतता एक मिनिट दहा सेकंदांत आटोपली. आमदार आले नाहीत, पण त्यांचा संदेश आला. त्यात वेलायुधन यांचा उल्लेख 'थोर नकलाकार' असा होता. तेव्हा कुणी हसले नाही, कारण आमदारांच्या संदेशाला हसण्याचा संदर्भ नसतो. वक्त्यांनी दिवंगताची विनोदबुद्धी, सोशिकपणा आणि हसतमुख स्वभाव यांचा गौरव केला. त्यांचे एखादे वाक्य मात्र कुणालाच उद्धृत करता आले नाही. मागच्या रांगांत लोक मोबाइलमध्ये डोके घालून नकलेची वाट पाहात होते.

"आता," शिबू माइकवर म्हणाला, "आपल्या लाडक्या कंडक्टरची कन्या दोन शब्द बोलेल."

मागून कुणीतरी तोंडाने घंटी वाजवली. टिंग, टिंग. दोन घंट्या म्हणजे गाडी जाऊ दे. सभागृहात खसखस पिकली.

वल्सलेने साधी सुती साडी नेसली होती. तिने पिशवीतून पिवळे पडलेले कागद काढले. "हे माझ्या वडिलांचं आहे," ती म्हणाली. "त्यांनी १९९८ साली लिहिलेलं."

लोक सरसावून बसले. नवीन काहीतरी आहे, एवढे त्यांच्या ध्यानात आले.

"सविनय विनंती की," ती वाचू लागली, "माझी बदली उत्तर केरळातील कुठल्याही डेपोत करावी."

'कुठल्याही'ला पहिला हशा आला. तो वाईट हशा नव्हता. वेलायुधन कंडक्टर हे नाव, ते स्टेज, तो माइक आणि समोर उभी असलेली ती. या सगळ्याला सत्तावीस वर्षांचा संदर्भ होता, आणि संदर्भ आपले काम चोख करत होता. ती थांबली, तर त्यांना ते थांबणेही बरोबर जागी वाटले.

"अहो, ऐका," ती म्हणाली. दुसरा हशा आला.

तिने पहिल्या रांगेकडे पाहिले. मास्टर कौतुकाने मान डोलवत होते. तिने कागदाकडे पाहिले. आता फक्त कारणाचा एक शब्द राहिला होता. तो वाचायचा आणि उतरायचे, एवढेच तिने ठरवले. एक्केचाळीस दिवस तिने कुणासमोर डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते.

"कारण," ती म्हणाली. "वै..."

शब्द अडकला. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडकला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिसऱ्यांदा नुसता श्वासच बाहेर आला.

सभागृह हशाने दणाणले. लोक खुर्च्यांवरून उठले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. मास्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. कुणीतरी ओरडले, "बापाची लेक आहे," आणि त्याला टाळ्या पडल्या. ती तो शब्द पुरा करायचा प्रयत्न करत राहिली, आणि जितका प्रयत्न केला तितके ते हसत गेले. शेवटी तिने कागदाची घडी केली आणि खाली उतरली.

सुगुणन पडद्याआड गणवेश घालून तयार उभे होते. खाकी शर्ट, खांद्याला चामडी पिशवी. ते हसत नव्हते. "मी नाही जाणार आता," ते शिबूला म्हणाले.

"का? लोक थांबलेत."

"याच्यानंतर माझं काय चालणार?" असे म्हणून त्यांनी पिशवी काढून ठेवली. हे त्यांनी लाजेने म्हटले की कलावंताच्या हिशेबाने, हे शिबूला कळले नाही, आणि इतिवृत्तात ते दुसऱ्या अर्थाने नोंदले आहे. त्या दिवशी वेलायुधन कंडक्टरची नक्कल झाली नाही. वल्सलेला जे हवे होते ते तिला मिळाले, असे म्हणायला उपसमितीची हरकत नाही. तिने सादर केलेल्या विनोदाला क्रमांक दोनशे तेरा देण्यात आला. संदर्भ: उत्कृष्ट. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने कोळिक्कोडला गेली. प्रतिनिधीच्या जागेबद्दल तिचे उत्तर अद्याप आलेले नाही, पण उपसमिती घाईत नाही.

शिबूने कार्यक्रम मोबाइलवर टिपला होता. त्यातला पन्नास सेकंदांचा तुकडा त्याने वाचनालयाच्या गटावर टाकला. तिथून तो मस्कतला गेला, मग कोइंबतूर, मग मंगळूर; वाटेत कुणीतरी त्याला मागून ढोलकी जोडली. आपल्याकडे आला तेव्हा त्यावर मराठीत लिहिले होते: 'भाषा कळली नाही तरी चालेल, शेवटपर्यंत बघाच.' तुम्हाला आठवत असेल. साध्या साडीतली एक बाई, हातात कागद, शब्द अडकतो आणि लोक खुर्च्यांवरून पडतात. तुम्ही तो दोनदा पाहिलात आणि घरच्या गटावर पुढे पाठवलात. त्यावर तुमच्या धाकट्या बहिणीने विचारले होते, ही बाई रडतेय का? तुम्ही जेवता जेवता डाव्या हाताने उत्तर लिहिलेत: रडत असती तर लोक हसले असते का?